तरंगणारा कोळसा

४ मार्च
धम्मपालचा शर्ट भिजवला आणि पाणी स्वच्छ! लग्न झाल्यापासून असं कधी झालं नाही. नवरा पॉवर हाऊसला कोळशाच्या पट्ट्यावर, त्याच्या कपड्यांची बादलीच वेगळी आहे आमच्याकडे. आज नुसता घाम. विचारलं तर म्हणे, "काम कमी होतं आज." असेल बाई.

५ मार्च
आजही स्वच्छ. मी मुद्दाम टोमणा मारला — "कोळसा संपला का रे तुमचा?" चेहराच पडला त्याचा.

७ मार्च
कपडे काळेकुट्ट! पण मी काय आज धुतेय का हे कपडे? दगडी कोळशाची कच जड असते, तळाशी बसते. ही वर तरंगतेय. हा तर लाकडाचा कोळसा, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडचा! म्हणजे साहेब स्वतःच फासून येतात. मला येडी समजतो!

९ मार्च
सकाळी उठल्या उठल्या दारात जाऊन आभाळ बघतो. "ढग नाहीत ना आज?" शेडखाली काम करणाऱ्याला ढगांचं काय पडलंय? मान पण करपलीय उन्हानं. कुणाबरोबर हिंडतो भर उन्हाचा?

बंटीला फोन केला. माझा धाकटा भाऊ, तोही तिथंच कामाला. "दाजी ना? शिफ्टला आहेत ताई." आवाज कसनुसा, आणि लगेच "ठेवतो". हाही सामील! पुढच्या महिन्यात स्वतःचं लग्न आहे, आणि इथं बहिणीचा संसार मोडायची वेळ आली तरी दाजींना झाकतोय.

१० मार्च
तो आंघोळीला गेलेला. त्याचा फोन वाजला, मी उचलला. बाईचा आवाज — "धम्मपालभाऊ, उद्या इंदिरानगरला लवकर या हं, ऊन चढायच्या आत." मी तसाच ठेवला. भाऊ म्हणे! सगळं समजतं मला.

११ मार्च
गेले. त्याच्या गाडीमागे रिक्षा लावली. इंदिरानगरात एका बंगल्यात शिरला. मीही शिरले, जिना चढून थेट गच्चीवर.

धम्मपाल हातात पाना घेऊन सोलरचे पॅनल बसवतोय! म्हणून रोज आभाळ बघायचा, पॅनल चालतंय का ते उन्हाशिवाय कळत नाही. शेजारी ती फोनवाली — उज्ज्वलाताई, पन्नाशीची बाई, सोलरचा ठेका तिचा. आणि हाच माणूस मला सांगायचा, "उन्हावर कुठं घर चालतं का! ढग आले की बसा अंधारात. खरी वीज कोळशाची."

"कमी केलं गं मला," म्हणाला. "दिवसा सोलरची वीज येते, आमचा एक संच बंद ठेवलाय. माणसं कशाला लागतात?"

त्या बाईसमोर वाट्टेल ते बोलले मी त्याला. बायकोपासून लपवतोस? खोटारडा! घर कशावर चालवायचं आता?

"लग्न होईस्तोवर थांबणार होतो," एवढंच बोलला.

कुणाचं, बंटीचं? त्याचा काय संबंध? तर पाना घेऊन पॅनलकडे वळला. अजून काहीतरी दडवतोय, माझी खात्री आहे.

१२ मार्च
बंटी आला. घरात यायलाच तयार नाही, दारातच रडत बसला. "ताई, कमी मला करत होते. दाजी पॉवर हाऊसच्या ठेकेदाराला म्हणाले, पोराचं लग्न मोडेल, ह्याला ठेवा, मी जातो."

धम्मपाल यायचाय अजून. काय काय बोलले मी त्याला!