दहापट पोटॅशियम

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. शास्त्रज्ञाला शिस्त हवी.
संग्रहालयाकडून दगडी उल्का आली, फक्त शुक्रवारपर्यंत. दिसते जळक्या बटाट्यासारखी. तिच्यातली नैसर्गिक किरणोत्सारिता मोजायची, म्हणजे मुख्यतः पोटॅशियमची. आकडा पटला तर सर माझी नेमणूक वर्षभर वाढवणार. घरातली पहिली पदवीधर आहे मी. आकडा पटणारच.

४ मार्च, सकाळी ११
उल्का मोजणी यंत्राच्या शिशाच्या पेटीत ठेवली. डुगडुगायला लागली. डब्यातल्या काकडीबरोबर आईने मिठाची पुडी दिली होती, ती खाली टेकू म्हणून सरकवली. घट्ट बसली! यंत्र सांभाळणारे काका नेहमी बजावतात, पेटीत नमुन्याशिवाय काडीसुद्धा नको. पण मीठ म्हणजे सोडियम, आणि मिठातलं सोडियम किरणोत्सारी नसतं. काकांना कोण समजावणार? सांगितलं नाही.

दुपारी १
काकडी अळणी खाल्ली. विज्ञानासाठी.

५ मार्च
पोटॅशियम पुस्तकातल्या आकड्याच्या दहापट!! सर म्हणाले, पेटी उघडून बघ, आत काही राहिलंय का. मोठ्या शोधांवर आधी संशयच घेतात. उघडली नाही.
घरी सांगितलं. बाबांनी विचारलं, दहापट म्हणजे चांगलं की वाईट गं? म्हटलं, उल्केचा नवाच प्रकार आहे. त्यांनी लगेच आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, पेपरात फोटो कधी?

६ मार्च
उद्या विभागात निकाल मांडायचा, भाषण तयार. सूर्यमालेच्या जन्माचा फेरविचार, पाने बारा. संकल्प : नम्र राहायचं.
बाबा ऐकायला येणार. शर्टाला स्वतः इस्त्री केली.

७ मार्च, संध्याकाळी
पान तीनवर सरांनी थांबवलं. म्हणाले, पेटी इथेच आणा. काकांनी उल्का उचलली आणि चिमट्यात पुडी धरून सगळ्यांना दाखवली. मी शांतपणे म्हटलं, साधं मीठ आहे, सोडियम.
शेवटच्या रांगेत बाबा उठले. म्हणाले, साधं नाही साहेब, माझं आहे ते, ब्लडप्रेशरचं. डॉक्टरांनी सोडियम कमी करून पोटॅशियमवालं दिलंय. आता घरात सगळे तेच खातो.
आधी काका हसले. मग सगळेच.

१० मार्च
उल्का न मोजताच परत गेली. नेमणूक वर्षभर नाही, महिनाभर वाढली. काम : रिकामी पेटी मोजणे. काकांनी दारावर कागद चिकटवलाय, 'डबा बाहेर'.
बाबांनी आत्याला कळवलं की पोरीच्या यंत्राने माझं मीठ बरोबर ओळखलं. आत्याने पुन्हा फोटोचं विचारलं.
आजचा आकडा : काही नाही.