पोटावरची पिशवी

कामरगाव, रविवार संध्याकाळ

आज बायकांच्या बैठकीत आतड्याच्या कॅन्सरवर बोलले. संडासातून रक्त गेलं तर मूळव्याध समजून घरी बसू नका, म्हटलं. बायका पदराआड हसल्या. मग मी पदर सारून माझ्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पोटावर लावलेली, शौच जमा होणारी पिशवी दाखवली.

नंतर शांता एकटीच थांबली. बाजारात माझ्या शेजारीच भाजी विकते ती.

"मलेबी रगत जाते. लय दिवस झाले."

"मंग काहून नाई सांगतलं वं?"

"तुह्यासारखी पिशवी लावतीन म्हून भेव वाटे."

म्हणजे मला बघूनच भ्याली? मी या पिशवीमुळे जगले, आणि तिनं तीच बघून तोंड मिटलं. किती वाळली आहे शांता! उद्या तिला वाशिमला नेते. डॉक्टर काय सांगतील? मनातून मला कळलंय.