आईच्या नव्या घरी पाठवलेला आहेर

आबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला मुद्दाम सांगावं असं काही घडलंच नव्हतं. आज घडलंय, आणि सांगायला दुसरं कोण नाही. मी इकडं कोइम्बतूरला सोनं गाळायच्या दुकानात आहे. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळं अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घ्या. आज शनिवार. मालक जेवायला गेलाय, भट्टी बंद आहे, आणि मी दोन ओळी लिहितो, उठतो, दारापर्यंत जातो, परत येऊन बसतो. उद्या तात्या आईच्या नव्या घरी जाणार आहेत. तुमचेच भाऊ ते, त्यांचं तोंड तुम्हाला माहीत आहे. त्यांना जायला मीच सांगितलंय. ते गेले तर त्या गल्लीत आईचं काय होईल, या विचारानं नऊ दिवस घास उतरत नाही.

तुमच्या माघारी आई गडहिंग्लजला काजूच्या कारखान्यात लागली. सकाळच्या एसटीनं जायची, दिवस मावळता यायची. टरफलाच्या तेलानं तिचे हात काळे पडलेले असायचे, भाकरी थापायच्या आधी ती ते राखेनं घासायची, तरी मी नाक मुरडायचो. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. म्हणाली, गावातलं घर बंद करून गडहिंग्लजलाच राहायला जाते म्हणते, एकटी नाही. पुढं ती काही बोलणार तोवर मीच मध्ये बोललो. लाज वाटली हो. आईच्या तोंडून असलं ऐकायचं कसं? म्हटलं, माणूस चांगला असेल तर माझी ना नाही, सेहेचाळीस म्हणजे काय म्हातारपण नव्हे. तिनं फोन ठेवला. मला वाटलं, रडत असेल. कुठला पोरगा एवढ्या मनाचा असतो, म्हणून मी माझ्यावरच खूश. त्याच तोऱ्यात तात्यांना सांगितलं, पावणं बघून या. आणि बाजारातनं चांगलं पँट-शर्टचं कापड, टॉवेल, टोपी घेऊन आईच्या नव्या पत्त्यावर पाठवून दिली. होणाऱ्या पावण्याला पोराकडनं आहेर.

नऊ दिवसांमागं पार्सल पोचलं तसा आईचा फोन आला. "कापड झ्याक हाय. ती म्हणाली, खाकी सोडून मला कुणी कापडच दिलं न्हवतं."

मी विचारलं, ती कोण?

"माणूस न्हाय रं बाळा. आमच्या गाडीवरची कंडक्टर हाय. तू तवा मला बोलूच दिलं न्हाईस."

मी हसलो. म्हटलं, मग असं सांग की, सोबतीला राहणार.

"सोबतीला न्हवं. नवरा-बायको राहत्यात तशी. आबांवर माझा राग न्हवता. संसार केला, मन लावून केला. पण ती गाडी यायची येळ झाली की माझा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाय. असं मला कधी झालंच न्हवतं. हे काय हाय ते कळायला सेहेचाळीस वर्सं गेली बघ. तात्यास्नी मी माझ्या तोंडानं सांगीन, मला जमंल तवा. तू तेवढा माझ्याकडनं ऱ्हा."

मी फोन ठेवला. त्यानंतर तिचे चार फोन आले, एकही उचलला नाही.

गुऱ्हाळावरचा तो दिवस मला सारखा आठवतोय. तुम्ही गुळव्या, उकळत्या रसाची काहील चुलाणावरनं कधी उतरवायची ते तुमच्या शब्दावर. मी दहाएक वर्षांचा असेन. पाक फुगलेला बघून मी ओरडलो, झालं, झालं. माणसं काहील उतरवायला पुढं सरली तशी तुम्ही माझ्या कानाखाली ठेवून दिली. "ज्याला कळत न्हाय, त्यानं काहिलीजवळ तोंड उघडायचं न्हाय." आता वाटतं, आईपुढं मी तेच केलं. आणि मग तुमचंच आठवत बसतो. तुम्ही एकदा जत्रेतनं हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. आईनं लगेच भरल्या, बऱ्या हायत म्हणाली, आणि भाकरी वाढायला उठली. बायका अशाच खूश होतात असं मला वाटायचं.

त्या बाईला मी एकदा बघितलंय. मागच्या दिवाळीला आईबरोबर गडहिंग्लजला निघालो होतो, आणि मी एसटीच्या दारातच उभा होतो. ती म्हणाली, "पावणं, आत सरका की, दार काय तुमच्या नावावर हाय?" अख्खी गाडी हसली. त्यात एक हसणं लई मोठं होतं. कोण एवढं हसतंय म्हणून वळून बघतो, तर आई.

इथवर लिहिलं आणि तात्यांना फोन लावला. म्हटलं, उद्या जाऊ नका.

"का रं? दोघांस्नी सांगून ठेवलंय, जीप ठरवलीया. पावण्याची जमीन किती, गाव कुठलं, सगळं इचारून येतो की."

म्हटलं, "जे काय हाय ते आई सांगंल, तिला वाटंल तवा. मीच जा म्हणालतो, आता मीच नको म्हणतोय."

"बाप मेला म्हणून लई शाणा झालास व्हय?" म्हणाले आणि फोन आपटला. रुसलेले तात्या कुणाच्या दारात जात नाहीत, तेवढाच धीर.

मग आईला फोन केला. जास्त काही बोलता आलं नाही. पुढच्या महिन्यात येतो म्हटलं, तुझ्याकडंच उतरणार.

"ती बी असंल हितं."

"असू दे की."

मग तिनं विचारलं, जेवलास काय?

खोटं कशाला सांगू, मला अजून हे पचलेलं नाही. त्या घरात पाय ठेवल्यावर बघायचं कुठं, त्या बाईला हाक काय मारायची, काही कळत नाही. पण एक कळलंय. तुम्ही असता तर मी तुमच्या बाजूनं बोललो असतो, आणि आईनं आपलं दोघांचं ऐकून तोंड मिटून घेतलं असतं. तुम्ही गेलात तेव्हा मी लई रडलो होतो. आज पहिल्यांदा वाटलं, तुम्ही नाही ते बरं आहे. हे लिहिलेलं तुमच्या फोटोपुढं कुठल्या तोंडानं ठेवू? माझ्यापाशीच ठेवतो.