डाव्या सीटचं अ‍ॅव्हरेज

पौड,
बाजार उठल्यावर

श्रीयुत कोंडिबाजी यांना पौडच्या रमजानचा सलाम, आणि घरच्या सगळ्यांचा रामराम. (हे 'श्रीयुत' आणि 'जी' पहिल्या ओळीपुरतंच. पाकीट तुझे जावई उघडणार, त्यांना वाटायला नको की आपल्या सासऱ्याला गावाकडे कुणीही अरे-तुरे करतं. पुढे मी नेहमीसारखाच लिहिणार आहे.) तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? इंदूरला सकाळी पोह्यांवर शेव घालतात आणि सोबत जिलेबी देतात असं ऐकलं. पोहे खा, जिलेबी जावयांना दे. लेकीने, रेश्माने कानाचं नवं यंत्र घेऊन दिलं ते लावतोस, की डब्यात घालून कपाटात ठेवलंस? मागे फोन केला तेव्हा मी तुला झोप लागते का विचारलं आणि तू मला तिथल्या नळाला दाब किती असतो ते सांगितलंस. (दाब चांगला आहे हे ऐकून समाधान वाटलं.) म्हणून आता पत्रच लिहायचं ठरवलं. कागदाशी ओरडावं लागत नाही.

इकडे आम्ही ठीक. तुझ्या भाभीचा, बीबीजानचा खोकला गेला, दुकान आमचा साहिल बघतो, मी गल्ल्याशेजारी बसून तो कसं बघतो ते बघतो. बातमी एकच आहे, आणि ती चांगली नाही. आपली पिकअप डिझेल प्यायला लागली आहे. आपली म्हणतो, कारण कागद माझ्या नावावर असले तरी डाव्या सीटला पडलेला खड्डा तुझा आहे. मी पाण्याच्या टाक्या आणि पाइप विकायचे, तू ते फार्महाऊसवाल्यांच्या डोक्यावर नेऊन बसवायचे, आणि मध्ये जो रस्ता असायचा तो आपल्या दोघांचा. वहिनी गेल्या, रेश्मा तुला घेऊन गेली, आणि तेव्हापासून लिटरला तेरा देणारी गाडी घसरत घसरत नवावर आली. साहिल मोबाइलमध्ये हिशोब ठेवतो. दर वेळी डिझेल भरलं की मोबाइल माझ्यासमोर धरतो, डॉक्टर एक्स-रे धरतो तसा.

त्याने आता गाडी विकायची ठरवली आहे. गिऱ्हाईकही आणलं. घोटावड्याचे अण्णासाहेब. तुला आठवत असतील, ज्यांनी गोठा पाडून भाडेकरूंच्या खोल्या बांधल्या आणि अजून खोल्यांना गोठाच म्हणतात ते. पांढरे कपडे घालून आले, टायरला लाथ मारून पाहिली, डिझेलच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला (कशाचा, ते त्यांनाच माहीत) आणि म्हणाले, "गाडी मला पसंत हाय, रमजानशेट. पन नवाचं अ‍ॅव्हरेज मी घरी नेनार न्हाई. तेवढं नीट करा, मग किल्ली द्या." साहिलने लगेच हो म्हटलं. म्हणजे अट अशी झाली की गाडी बरी झाली की गाडी गेली. बापाने मुलाचं ऐकावं अशा वयाला मी आलो आहे, म्हणून दुरुस्तीची सगळी जबाबदारी मी आपण होऊन अंगावर घेतली. साहिलला फार बरं वाटलं.

पहिल्यांदा गाडी पिरंगुटला शरदचंद्रकडे नेली. (मिस्त्री हुशार आहे, पण त्याला पूर्ण नावाने हाक मारावी लागते. 'ए शऱ्या' म्हटलं तर पान्हा खाली ठेवतो आणि दिवसभर उचलत नाही.) त्याने एअर फिल्टर काढला तर आत उंदराचा संसार. भाताचा पेंढा, शेंगांची टरफलं, आणि गादीसाठी तुझ्या त्या सुताच्या गुंड्यातलं सूत, जे तू पाइपाच्या आट्यांना गुंडाळायचास आणि उरलं की सीटखाली कोंबायचास. शरदचंद्र म्हणाला, गाडीला श्वास घेता येत नव्हता, आता बघा कशी पळते. पळाली. अ‍ॅव्हरेज होतं तिथेच राहिलं. सूत मी फेकलं नाही, झटकून परत सीटखाली ठेवलं आहे.

मग कुणीतरी म्हणालं टायरात हवा कमी असेल. चौकातल्या माऊली पंक्चरवाल्याकडे गेलो. माऊली सढळ हाताचा माणूस, त्याने हवाही तशीच भरली. त्यानंतर गाडी रस्त्यावर चालत नव्हती, करडासारखी उड्या मारत होती. रिहे गावाच्या वळणावर एका खड्ड्यात अशी उसळली की मागच्या हौदातली काळी टाकी दोरी सोडून उठली, रस्त्यावर उतरली, बांधावरून घरंगळत गेली आणि लीलाबाईंच्या भाताच्या खाचरात जाऊन उभी राहिली. अगदी तोंड वर करून, तू बसवतोस तशी सरळ. मी धावत गेलो तर लीलाबाई आधीच तिच्यावर हात ठेवून उभ्या. म्हणाल्या, "माज्या खाचरात चालत आली, माजी हाय. मी काय तुमच्या दुकानात गेलते का मागाया?" मी कायद्याचं बोलायला लागलो तेवढ्यात त्यांनी विषय बदलला. "त्यो तुमचा बहिरा कुटं हाय? लई दिस दिसला न्हाई." मी सांगितलं, लेकीकडे इंदूरला. त्यांनी टाकीवर टिचकी मारून पाहिली. मग म्हणाल्या, "मंग ही बसवनार कोन?" शेवटी टाकी त्यांना दिली, आणि बसवली मीच. तीन ठिकाणी गळते. लीलाबाई म्हणतात, गळतंय ते बरंच हाय, खाली अळू लावलंय.

तिसरा प्रयोग साहिलचा. त्याने शहरातून कुणी कॉम्प्युटरवाला बोलावला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचा फोटो. गाडीच्या पोटाखाली, स्टिअरिंगखाली, सीटखाली वायर लावायची जागा शोधत राहिला. आपली गाडी ज्या काळातली, त्या काळात अशी जागा ठेवत नसत हे मी त्याला सुरुवातीलाच सांगू शकलो असतो, पण माणूस मन लावून काम करत असला की मला मध्ये बोलवत नाही. तुझं सूत मात्र त्याला सापडलं. शेवटी हात पुसून म्हणाला, "अंकल, ही गाडी काहीच सांगत नाहीये." बीबीजान ओट्यावरून म्हणाली, "मालकाची सवय लागली असंल." त्याला ते कळलं नाही. मला कळलं.

कारण बीबीजानला वेगळाच संशय होता. तिचं म्हणणं, गाडी पीत नाही, मी तिला कुठेतरी भलतीकडे फिरवतो. (या वयात कुठे, ते तिने सांगितलं नाही, आणि मीही उत्सुकता दाखवली नाही.) म्हणून ठरलं की टाकी काठोकाठ भरायची, ती स्वतः शेजारी बसणार, दिवसभर फिरायचं आणि परत काठोकाठ भरून किती गेलं ते बघायचं. डाव्या सीटवर बसली, तुझ्या खड्ड्यात तिरकी झाली, तुझ्या नावाने काहीतरी पुटपुटली आणि पिरंगुट यायच्या आत झोपली. आता झोपलेलं माणूस हिसक्याने उठू नये म्हणून मी हळू चालवली. आणि त्या दिवशी अ‍ॅव्हरेज दीडने वाढलं.

त्यावरून डोक्यात प्रकाश पडला, कोंडिबा. काटा चाळीसच्या पुढे गेला की मागच्या हौदाचे पत्रे वाजायला लागतात, आणि मग तुला माझं एक अक्षरही ऐकू येत नसे. तू हात वर करायचास, "रमजानभाई, जरा दमानं. ऐकू येईना मला." म्हणून इतकी वर्षं मी चाळीसने चालवली, वरच्या गियरला, पाय न दाबता. लोकांना वाटायचं रमजान डिझेल वाचवतो. मलाही तसंच वाटायचं. खरं म्हणजे मी फक्त बोलत होतो.

माझे कान तिखट आहेत हे तुला ठाऊक आहे. त्या कानांवरच धंदा उभा केला. कुणाचं बांधकाम निघणार, कुणाची बोअर आटली, हे मला त्याच्या बायकोच्या आधी कळायचं. बाजारातून एक फेरी मारली की कान भरतात, आणि ते पूर्वी रिह्यापर्यंत तुझ्याकडे रिकामे व्हायचे. त्यातलं निम्मं तुला ऐकू यायचं नाही आणि उरलेलं तू भलतंच समजायचास. कुशाबाच्या घरी पाळणा हलणार म्हटलं, तर "पाळना? जत्रा कवा हाय?" म्हणून मला पुढचं मैलभर हसवलंस. आता मी कुणाला सांगू? साहिलच्या दोन्ही कानांत ती मोबाइलची बोंडं असतात. बीबीजानला सगळं माझ्या आधीच कळलेलं असतं. परवा घोटावड्याच्या रस्त्याला मी डाव्या सीटकडे बघून मोठ्याने सांगत होतो की अण्णासाहेबांनी खोल्यांना रंग काढला आणि गव्हाणी तशाच ठेवल्या. शेजारून एक मोटरसायकलवाला चालला होता. त्याने वेग कमी करून विचारलं, "काय म्हणालात काका?" काय सांगणार? मी त्याला पत्ता विचारला. गडबडीत तोंडात आला तो माझ्याच दुकानाचा. त्याने बरोबर सांगितला. (म्हणजे पाटी वाचतात लोक.)

तेव्हा निदान असं, की गाडीत बिघाड नाही. डावी सीट रिकामी आहे, ऐकवायचं कुणाला नाही, म्हणून पाय आपोआप दाबला जातो. हे साहिलला सांगितलं तर तो म्हणाला, "अब्बा, हे मी अण्णासाहेबांना कसं सांगू?"

असो. रेश्माला आशीर्वाद, जावयांना सलाम. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
रमजान

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी एक सांगतो. वरचं चाळीसचं सगळं खरं आहे, पण तेवढ्याने एवढा फरक पडत नाही. मागचं डावं चाक धरतं. ब्रेक दाबून सोडला तरी आत लायनर घासतच राहतो. लांब कुठेतरी सुताराचा रंधा चालावा तसा आवाज येतो, आणि फेरी मारून आलं की चाक तव्यासारखं तापलेलं असतं. मला ते पहिल्या आठवड्यातच ऐकू आलं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. शरदचंद्र दोनदा त्या चाकाशी वाकला, दोन्ही वेळा मी त्याला चहाला नेलं. हे रेश्माला वाचून दाखवू नकोस. ती बीबीजानला फोन करील.

ता. क. २. हे फार दिवस चालवता येणार नाही. असं चाक घेऊन भरली गाडी उतारावर नेणं बरोबर नाही, म्हणून लीलाबाईंच्या त्या टाकीनंतर माल मी भाड्याच्या टेम्पोने पाठवतो आणि साहिलला सांगतो की माझी कंबर दुखते. अण्णासाहेब दर बाजाराला विचारून जातात. विकायला माझी हरकत नाही; जुनं लोखंड आहे, कधीतरी जायचंच. पण त्याआधी आपण दोघांनी एकदा रिह्याच्या खोऱ्यातून फिरून यायचं. टाकी नाही, पाइप नाही, कुणाचं काम नाही. परत आलो की तसाच शरदचंद्रकडे जाईन, चाक खोलायला लावीन, आणि किल्ली माझ्या हाताने अण्णासाहेबांना देईन.

ता. क. ३. डिंक आणायला आत गेलो तेवढ्यात बीबीजानने हे सगळं वाचलं. तिला चाकाचं ठाऊकच होतं. त्या दिवशी ती झोपलेली नव्हती म्हणे, डोळे मिटून ऐकत होती. चाकाबद्दल तिची तक्रार नाही. तिचं म्हणणं, "एवढी पानं भरलीत, पन बोलावनं कुटं हाय ह्यात? एक अक्षर लागतं त्याला." मी पहिल्यापासून परत वाचून काढलं. खरंच कुठे लिहिलेलं नाही.

ये.