अध्यक्षबाईंचा भाऊ

ओकोहाई गृह ट्रस्ट
३ मार्च

श्री. होहेपा परातेने यांस,

पत्र ट्रस्टच्या कागदावर आहे म्हणून बिचकू नकोस. कामाचंच आहे. मी ठीक आहे, गुडघा सोडून. तूही ठीक असशील असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, आणि आजारी माणूस निदान फोन तरी उचलतो.

तर काम असं. तुमची सगळी गल्ली मोकळी करून सरकार तिथं चार मजली इमारती उठवणार, हे तुला माझ्याआधी कळलं असेल. जुनी लाकडी घरं मोडून टाकण्यापेक्षा उचलून नेणाऱ्याला द्यायची असं ठरलंय. आमच्या ट्रस्टने तीन मागितली, तीन मिळाली. त्यातलं एक तुझं आहे. मी मुद्दाम मागितलं नाही. तिकडून आलेल्या कागदावर घरांचे नंबर होते, माणसांची नावं नव्हती.

आमचेही दिवस पालटल्यासारखे झालेत. एक सरकार म्हणालं, सरकारी घरं विका. दुसरं म्हणालं, एकही विकायचं नाही, आम्हीच बांधू. आताचं म्हणतंय, तुमच्यासारख्या गावच्या संस्थांनीच घरं उभारावीत आणि सांभाळावीत. भाडेकरू आपल्या कमाईचा चौथा हिस्सा देईल, वरचं आम्ही भरू. हे किती दिवस टिकेल ते वेलिंग्टनच्या वाऱ्याला ठाऊक. म्हणून मी समितीला सांगितलं, वारं आहे तोवर शीड लावा. आज आमच्याकडे चार घरं आहेत. ही तीन येतील, आणि मराएच्या सभाघरामागच्या उतारावर म्हाताऱ्या माणसांसाठी सहा छोटी घरं बांधायला मंजुरी मिळतेय. शाळेची बस चालवणाऱ्या बाईने एवढं केलं म्हणून कुणी हार घालत नाही. हिशेब मात्र सगळे विचारतात.

तुझ्याकडून मला एवढंच हवंय. घराची खोड कळव. कुठे गळतं, कुठली फळी दबते, कुठली खिडकी अडते. घराचे दोन तुकडे करून आणणार आहेत, ते पुन्हा जोडताना उपयोगी पडेल. तुला चौथ्या मजल्यावर नवी जागा दिली आहे असं ऐकलं. अभिनंदन. लिफ्ट आहे म्हणतात.

काहू मावशी अजून खणखणीत आहेत. तुझ्या नावाने काहीतरी पुटपुटतात, पण दात नाहीत म्हणून मी ऐकलं नाही असं दाखवते.

कळावे,
मेरेआना परातेने
अध्यक्ष, ओकोहाई गृह ट्रस्ट


ओकोहाई गृह ट्रस्ट
१९ जून

होहेपा,

तुझं कार्ड पोचलं. ‘न्हाणीघराचं दार हिवाळ्यात फुगतं. खालच्या कोपऱ्यात लाथ घालायची. बाकी घर चांगलं आहे.’ सहा वर्षांनी भावाचं पत्र आलं आणि त्यात एक लाथ. सुतारांना वाचून दाखवलं, त्यांनी दाराला रंधा मारला. आता लाथेची गरज नाही.

घर आलं. सकाळी सातला शाळेजवळच्या वळणावर दोन लांब ट्रेलर दिसले आणि पोरं दप्तरं टाकून पळाली. पुलावर अर्धा तास अडकलं, कारण तानिओराने रुंदी मोजली होती ती पुलाची, कठड्यांची नाही. तानिओरा आमचा सचिव. हुशार आहे, पण शिकलेला आहे. शेवटी कठड्याचा एक खांब काढला, आणि तालुक्याची माणसं येण्याआधी परत बसवला.

एक सांगते. घर कापलं होतं ते बरोबर स्वयंपाकघरातून. अर्धं घर रस्त्याच्या कडेला उभं, आणि कापलेल्या बाजूने आतली पिवळी भिंत उघडी. तो रंग तुझ्या बायकोने, पानियाने, दिला होता ना? मी ओळखला. सगळं गाव उभं राहून बघत होतं. मी जाऊन ट्रकवाल्याकडून ताडपत्री मागितली आणि त्या बाजूला बांधून घेतली. तो म्हणाला, “बाई, आता पाच मिनिटांचा रस्ता राहिलाय.” मी म्हटलं, “पाच मिनिटं तर पाच मिनिटं.”

काहू मावशींनी घर आल्यापासून कुणाला आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. खांबांवर घर बसल्यावर त्यांनी प्रार्थना म्हटली, प्रत्येक खोलीत पाणी शिंपडलं, मग रताळी आणि वाफवलेल्या शिंपल्या सगळ्यांना. तुझ्या घरात पहिलं जेवण झालं ते असं.

आता समितीचं. घर कुणाला द्यायचं त्याची बैठक झाली. आमच्याकडे गरजेप्रमाणे गुण देतात, आणि ज्याचे जास्त त्याचं नाव वर. वर एरानाचं नाव होतं. तिला तू ओळखणार नाहीस, तू गेलास तेव्हा ती जन्मायची होती. तीन मुलं घेऊन भावाच्या गॅरेजमध्ये राहते. धाकट्याला बारा महिने खोकला.

तानिओरा कागद वाचत होता तेवढ्यात काहू मावशी उठल्या. म्हणाल्या, “घर आणलंत. माणूस कुठाय?”

मी विचारलं, “कुठला माणूस?”

“ज्याचं घर आहे तो. का ट्रेलरवर जागा नव्हती?”

तानिओरा म्हणाला, “मावशी, ते घर सरकारचं होतं. आता ट्रस्टचं आहे. होहेपाकाकांना शहरात जागा मिळाली आहे. शिवाय आठवा नियम आहे.”

आठवा नियम माझा. ट्रस्ट सुरू झाला तेव्हा लोक म्हणायचे, मेरेआना घरं आणणार आणि आपल्या माणसांत वाटणार. म्हणून मी पहिल्याच बैठकीत लिहून घेतलं, समितीवरच्या माणसाच्या नातेवाइकाला घर नाही. सगळ्यांनी हात वर केले. पहिलं घर द्यायची वेळ आली तेव्हा कळलं की ओकोहाईत कुणाचा नातेवाईक नाही असा एकच माणूस आहे, टपाल आणणारा भारतीय पोरगा, आणि त्याला घर आहे. पुन्हा बसून लिहिलं: सख्खं भावंड, मूल आणि आईबाप, एवढेच बाद. लोक अजून मला त्यावरून हसतात.

काहू मावशी मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तो जन्मला तेव्हाची वार त्या टेकडीवर पुरलीय. मी स्वतः खड्डा केला. तुझी तिथंच पुरलीय, हातभर अंतरावर. तुमच्या त्या कागदात त्याला किती गुण?”

मी म्हटलं, “शून्य, मावशी.” मग मतं घेतली. एरानाला घर मिळालं. मीही तिच्याच बाजूने हात वर केला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. बस चालवायचे तेव्हा पावसात धावत येणाऱ्यासाठीसुद्धा मी थांबत नसे, कारण पुढच्या थांब्यावरची पोरं भिजत असायची. तुला ते आवडायचं नाही.

परवा ब्रिस्बेनहून तुझ्या लेकीचा, रिपेकाचा, फोन आला होता. तिने जे सांगितलं त्याबद्दल इथं लिहीत नाही. हा ट्रस्टचा कागद आहे.

मेरेआना
अध्यक्ष


ओकोहाई
११ ऑगस्ट

होहे,

हा साधा कागद आहे, रेघांचा. वाण्याकडून आणला. चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा पाव भाजायला उठले. शेवटी पाव फुगवायचं बटाट्याचं आंबवण संपलं, तेव्हा लिहावं लागलं.

रिपेका म्हणाली, तू चौथ्या मजल्याच्या किल्ल्या परत दिल्यास. एक महिनाही राहिला नाहीस. तिला म्हणालास, “पोरी, तिथं पाय जमिनीला लागत नाही.” तिच्याकडे दोन खोल्यांत पाच माणसं, म्हणून तिच्याकडेही गेला नाहीस. आता बंदरावरच्या जुन्या सोबत्याच्या गॅरेजमध्ये खाट टाकून आहेस. आणि मला लिहितोस काय, तर न्हाणीघराचं दार.

मला फार राग आला. मग कळलं की राग तुझ्यावर नाहीये. एराना गॅरेजमधून निघाली त्याच आठवड्यात माझा भाऊ गॅरेजमध्ये गेला, आणि ही व्यवस्था मी माझ्या हाताने केली. वर्तमानपत्रात फोटो आला आमचा, घरासमोर, मी मधोमध. मी हसतेय त्यात.

आणखी एक. मार्चमध्ये लिहिलं होतं की तुझं घर मी मुद्दाम मागितलं नाही. मुद्दामच मागितलं. तुझा नंबर मला पाठ आहे, सहा वर्षं नाताळची कार्डं त्याच पत्त्यावर लिहून फाडतेय. मला वाटलं, घर आलं की तू मागोमाग येशील. माणसाला ये म्हणण्यापेक्षा ट्रेलर मागवणं मला सोपं गेलं.

गेल्या शुक्रवारी बैठक झाली. विषय मोठा होता. सरकारने तालुक्यातली आणखी बारा घरं आमच्याकडे सोपवायचं कळवलंय, आणि सहा छोट्या घरांचा पाया खणायला घेतलाय. इतर विषयांत मी तुझं नाव घेतलं. वय, प्रकृती, गॅरेज, सगळं वाचलं. म्हाताऱ्यांच्या घरांसाठी तुझा अर्ज घ्यावा म्हटलं. तानिओराची मान खाली. “मेरेआनाकाकू, गुण भरपूर आहेत. पण आठवा नियम...”

एकजण म्हणाला, “मग बदला की नियम. कोण आडवं येणार आहे?”

सगळे तयार होते. काहू मावशींनी तर हात वरसुद्धा केला. होहे, मला एक क्षण मोह झाला. पण बारा घरं येतायत, आणि पहिला बदल अध्यक्षबाईंच्या भावासाठी झाला, तर पुढची पन्नास वर्षं प्रत्येक घरावरून हेच ऐकावं लागेल. तुलाही ऐकावं लागेल, दारात बसून. ते तुला चालणार नाही. मलाही नाही.

म्हणून मी म्हटलं, “नियम राहू दे. मी उठते.”

तानिओराला समजलंच नाही. म्हणाला, “चहाला?”

“नाही रे. समितीवरून.”

मग जो गोंधळ झाला तो तू पाहायला हवा होतास. बारा घरांच्या तोंडावर हे काय, अकरा वर्षांचं काम, सरकारी माणसं फक्त तुम्हालाच ओळखतात. खरं आहे सगळं. मला वाईट वाटलं नाही असं नाही; घरी येऊन रडले. पण खुर्चीवर बसायला माणसं मिळतील. तानिओरा बसलाय. पुलाचे कठडे आता तो दोनदा मोजतो.

काहू मावशी एवढंच म्हणाल्या, “उशीर केलास.” मग मला स्वतःच्या हाताने चहा दिला. त्यांनी कुणाला चहा दिलेला कुणी पाहिला नव्हता.

आता नीट ऐक. तुझं घर तुला मिळणार नाही. ते एरानाचं आहे. तिचं मधलं पोरगं तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून उडी मारून शाळेला जातं, आणि पिवळ्या भिंतीवर त्यांनी बोटीची चित्रं काढलीयत. तू छोट्या घरांसाठी अर्ज कर, इतरांसारखा. गुण बसले तर उन्हाळ्याअखेर दोन खोल्या मिळतील, अंगणासकट, आणि समोर उतारावर तुझं जुनं घर दिसेल. दुसऱ्यांची पोरं त्यात नाचताना बघवत असतील तर ये. नाही मिळालं, तर यादीत थांबायचं. तोवर माझी मागची खोली आहे. पाहुणा म्हणून बोलावत नाहीये. भाडं घेईन, आणि माझी शेळीसुद्धा तूच बांधायचीस.

राहिली पानिया. तू तिला तिकडे पुरलंस. तिला इथं आणायचं म्हणून मी तिच्या अंत्यविधीला भांडले आणि जेवण व्हायच्या आत निघून आले. रिपेका म्हणते, बाबा तिला एकटं टाकून यायला तयार नाहीत. तिला हलवा असं मी आता म्हणणार नाही. ती तिथंच राहू दे. बस चालवायचा माझा परवाना अजून चालू आहे. गुडघा कुरकुरला तरी महिन्यातून एकदा मी तुला तिच्याकडे घेऊन जाईन. मी गाडीत बसेन, किंवा तू म्हणालास तर उतरेन.

अर्ज सोबत ठेवलाय. नातेवाइकांचा रकाना आहे, ‘समितीवर आपलं कुणी आहे का?’ तिथं ‘नाही’ लिही. ते आता खरं आहे.

सहीखाली लिहायला मला पद उरलेलं नाही. म्हणून पूर्वी लिहायचे तेच लिहिते.

तुझी थोरली बहीण,
मेरे