बाळ्याची ताई

तीर्थरूप आईला लांबूनच वाकून नमस्कार. गुडघे आता माझेही कुरकुरतात.

मी मजेत आहे. ऑफिसात रोजचं तेच काम: बुद्धीने लहानच राहिलेल्या म्हाताऱ्यांचं आईवडिलांच्या मागे कोण करणार, याचे आराखडे आखायचे. आपल्या बाळ्याचाही मीच आखला. 'नव्या बाईंची त्याला सहा महिन्यांत सवय व्हावी,' असं त्यात लिहिलं होतं.

तू लिहितेस, तीन आठवड्यांतच तो त्यांना ताई म्हणायला लागला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. माझ्याच आराखड्याचं चांगलं झालं आणि माझ्याच पोटात दुखलं.

अगं, चोपन्न वर्षांत त्याची ताई एकच होती. बाईंना मावशी म्हणायला शिकव की त्याला. त्या दाढी छान करतात म्हणे, पण त्याच्या कानामागे साबण राहतो, हे त्यांना कुठून कळणार?

तुझं बीपी कसं आहे? गोळ्या वेळेवर घेतेस ना?

मी नसले तरी चहाच्या बशीत तो माझं अर्धं बिस्किट ठेवायचा. अजून ठेवतो का? ते बाई खात असतील, तर मात्र कळवू नकोस.

तुझी लेक,
(आणि त्याची खरी ताई)