मोबाईल हूं म्हणत नाही

पालम, रविवार

चि. सौ. राजेश्रीस भारतमामाचे भरघोस आशीर्वाद. जावईबापूंना यथायोग्य, आणि सृष्टीला एक पापा (मिशा बाजूला धरून). इकडे सर्व क्षेम आहे. क्षेमात माझे गुडघे आणि सोनपेठ-पालम गाडीचं वेळापत्रक धरलेलं नाही. हैदराबादेचं पाणी तुम्हां सर्वांना मानवलं असेल अशी आशा आहे. हे सगळं फोनवर लिहिता आलं असतं, पण माझा निरोप तू वाचण्याआधीच त्याच्यावर अंगठा उमटवून निकालात काढतेस, हे माझ्या ध्यानात आलेलं आहे. पोस्टाच्या पत्राला ती सोय नाही.

तर त्या गोष्टींच्या ॲपविषयी. सृष्टीला शाळेसाठी तिकडे नेलीस, आजीच्या गोष्टीवाचून पोरगी झोपेना, म्हणून तुझ्या आईच्या, म्हणजे आमच्या आक्काच्या मोबाईलमध्ये तू ते घालून दिलंस. पानापानाला चित्र लावायचं, खाली आवाज भरायचा, पाठवून द्यायचं, लय सोपं हाय मामा, असं म्हणून गाडीत बसलीस. सोपं आहे हे मान्य. पण सोप्या कामालाही माणूस लागतो, आणि दर रविवारी बहिणीकडे जेवायला येणारा एक संस्कृतचा मास्तर तेवढा रिकामा सापडला.

आक्कानं कोल्ह्याची गोष्ट निवडली. गोदावरीच्या पलीकडच्या रानातला हुरडा कोल्ह्याला खायचा आहे, एवढंच कथानक (ती ते कसं लांबवते, हे तुला मी सांगायला नको). आता चित्राला कोल्हा कुठून आणायचा? शेजारच्या आबासाहेबांचा कुत्रा उभा केला. त्यानं धूर्त दिसावं म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केले, पण तो शेपूट हलवून माझा हात चाटत राहिला. पहिल्या पानावर जो अतिशय सज्जन कोल्हा दिसतो, तो हाच.

खरी अडचण पुढे आली. आक्कानं फोन समोर ठेवला, एक होता कोल्हा म्हणाली आणि थांबली. पुढे चल, मी म्हटलं. तर हा हूं म्हणंना, अशी तिची तक्रार. यंत्र हूं म्हणत नसतं, असं मी समजावतोय तोवर पडदा काळा झाला. झोपला बघ, म्हणून तिनं फोनवर रुमाल पांघरला आणि मेथी निवडायला घेतली. मग मी विद्वत्ता बाहेर काढली. संस्कृत नाटकात पात्र एकटंच उभं राहून समोर नसलेल्या माणसाशी बोलतं, त्याला आकाशभाषित म्हणतात, तसं हे समज. त्या नसलेल्या माणसाच्या वतीनं हूं कोण म्हणतं, असं तिनं विचारलं. पात्रच म्हणतं, हे मला कबूल करावं लागलं. (मेथीची जुडी हातात असलेल्या बाईशी शास्त्रार्थ करू नये, हे मी तुला मामा या नात्यानं सांगून ठेवतो.)

तेव्हा हूं म्हणायला मीच बसलो. माझा पहिला हूं ऐकून आक्का म्हणाली, "हूं म्हणायलास का शाळंत हजेरी द्यायलास?" पुढे सुधारलो. कोल्हा नदीकाठी आला, पलीकडे जायला पाण्यातून उतार हुडकू लागला, आणि जेवणात भरीत-भाकरी झालेली असल्यामुळे माझे हूं लांबत लांबत बंद पडले. जागा झालो तेव्हा अंगावर गोधडी होती आणि गोष्ट तिथंच थांबली होती. तशीच तुला पाठवली. शेवटच्या पानावर जी घरघर आहे ती गोदावरीच्या पाण्याची नव्हे. त्यानंतर हळूच "झोपला" असं जे ऐकू येतं, ते माझ्याविषयी आहे. पन्नाशी उलटलेल्या माणसाविषयी इतक्या मायेनं कुणी बोलल्याचं अलीकडे ऐकण्यात नव्हतं, म्हणून ते पुसलं नाही.

तू लगेच "मस्त" असं कळवलंस, ॲपनंही गोष्ट पाहिल्याची खूण दाखवली, कार्य सिद्धीस गेलं. तूर्त एवढंच, की आक्काच्या फोनचा चार्जर सैल झाला आहे. कुणी इकडे येणारं असेल तर नवा पाठव.

तुझा
भारतमामा

ता. क. चार्जर ठणठणीत आहे. लिहायचं होतं ते असं. आक्का गोष्टीचा पुढचा भाग भरायला तयार नाही. सृष्टी इथं होती तेव्हा तिचा हूं थांबला की आक्का गोष्ट थांबवायची, आणि दुसऱ्या रात्री तिथूनच धरायची. आता कुठून धरायची हेच तिला कळत नाही. ॲपमधली खूण दाखवली तर म्हणते, पाहिलं म्हणजे कुठवर जागी होती? शेवटपर्यंत जागी होती, असं मी बिनदिक्कत ठोकून दिलं. आक्कानं भाकरीचं पीठ मळायला घेतलं. मग म्हणाली, "जागी असती तर कोल्ह्याचं काय झालं ते इचारलं असतं की रं तिनं."

म्हणून हे पत्र. तेव्हा एवढं कर. पोरीला घास भरवताना नको, गाडीत नको. दिवा मालवून तिच्याजवळ बस, गोष्ट लाव आणि तिचा हूं कुठं थांबतो ते कळव. आणि शेवटपर्यंत जागी राहून तिनं पुढचं विचारलंच, तर उत्तर तू देऊ नकोस. आक्काला फोन लावून तिच्या हातात दे.

आणखी ता. क. कुणाला लिहायलास, म्हणून आक्कानं आत्ताच विचारलं. शिक्षणखात्याला, असं सांगितलं. तिनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मग खात्याला लिही," ती म्हणाली, "कोल्हा अजून अलीकडच्याच काठावर उभा हाय म्हणावं. उपाशी हाय."